तीन नंबरची पाटी

दिवेलागणीला चौसाळ्याजवळच्या हायवेला बशीरभाई उभे दिसले तर घाबरू नका. हातात काठीला ठोकलेली काळी पाटी असते, तिच्यावर खडूनं भला मोठा ३. रस्ता मोकळा झाला की ते पाटी उंच धरतात. समोरून काहीच येत नाही. तरी त्यांची मान डावीकडून उजवीकडं फिरते, कुणीतरी भरधाव निघून जावं तशी. मग "गेला," म्हणतात आणि घरी येतात.

त्यांच्या गॅरेजला लागून माझं मिरचीचं कांडप. आधी मला वाटायचं, माणूस बिघडला. एकदा एका ट्रकवाल्यानं ब्रेक दाबून विचारलं, "चाचा, तीन कशाचे? टोल चालू झाला का?"

"तू पुढं निघ बे. मागच्याला पाटी दिसंना झालीय!"

मागं कुणीच नव्हतं. ट्रकवाल्यानं वळून बघितलं अन् जो सुटला, तो परत या बाजूला चहाला थांबला नाही.

त्याचं असं झालं. जिनिंगवाल्या एका शेठनं हौसेनं मोटारींच्या शर्यतीचा संघ काढलेला. बशीरभाई मिस्त्री, त्यांचा एकुलता पोरगा इक्बाल ड्रायव्हर; पळत्या गाडीला कितवा नंबर चाललाय ते बाप कडेला उभा राहून पाटीवर दाखवायचा. वर्षभराच्या गुणांत संघ तिसरा, अन् एकच शर्यत राहिलेली. तेवढ्यात शेठ बुडाला. गाडी ओढून नेली. डेंटिंगला काढलेला एक दरवाजा तेवढा गॅरेजात राहिला.

"आक्का, शेवटाला गाडी उतरली न्हाई तर सगळे गुण पुसत्यात. खालचे वर चढत्यात," ते म्हणाले.

आमच्याकडं टँकर यायचा असला की माणूस कुठं उभं राहतं? रांगेत घागर ठेवायची, नंबर लागला. ती हलवायची कुणाची टाप नाही. बशीरभाईंनी तेच केलं. दरवाजा एस्टीच्या टपावर टाकला, मैदानात नेला आणि सुरुवातीच्या रेघेवर उभा केला.

"गाडी कुठंय?" शर्यतीच्या साहेबांनी विचारलं.

"येतीय मागून. नंबर लावलाय."

सगळं मैदान हसलं. संघाचं नाव काढलं, तिसऱ्या जागेवर दुसरेच चढले. गर्दीत इक्बाल उभा होता. "अब्बा, नंबर बी गेला अन् इज्जत बी," एवढं बोलला आणि तिथूनच निघून गेला. तेव्हापासून ना फोन, ना पत्ता.

दरवाजा परत गॅरेजात आला. रोज सकाळी त्याच्यावर तांबडी धूळ बसलेली असते. आमच्याकडची माती काळी हो! तांबडा मुरूम होता तो त्या मैदानात. मी स्वतः फडक्यानं पुसून बघितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बशीरभाईंना त्याचं काहीच नाही. "त्याची जागा राखलीय मी. पाटी दिसली की वळंल कधीतरी."

परवा त्यांना सणकून ताप भरला. "आक्का, आज तुमी धरा."

"अहो, लोक मला येडी म्हणतील!"

"मला म्हणत्यात की. माझं काय वाकडं झालं?"

गेले बाई. रस्ता मोकळा झाला. वारा पडलेला. भुंकणारी कुत्री एकाएकी गप्प झाली आणि रस्त्याकडेला अंग चोरून बसली. लांबून आवाज आला, चढत्या इंजिनाचा. मी पाटी वर केली. आवाज माझ्यासमोर आला, गिअर पडल्यासारखा दबला, पदर फाडकन उडाला. रस्त्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मान मात्र माझीही फिरली.

परतले तर बशीरभाई कोपरावर उठून बसलेले. "हळू केली का त्यानं?"

"केली."

"लई जोरात हाकतो हो. लहानपणापास्नं." चेहरा उजळला त्यांचा.

मी पदर झटकायला घेतला. त्याच्यावर तांबडी धूळ.

"झटकू नका, आक्का." त्यांनी ती चिमटीनं उचलली, रुमालात बांधली, उशाखाली सारली. मग हळूच म्हणाले, "जेवला असंल का हो तो?"

मी म्हटलं, "उद्या विचारते."