पुलावरचं वझं

पिपरी मेघे या आमच्या गावातले शेजारी सुखदेवकाका पूल आला की गाडीतून उतरतात. ऑटो असो, जीप असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची गाडी. "थांबव बापा," म्हणायचं, शांताकाकूंचा हात धरायचा आणि दोघांनी चालत पलीकडे जायचं. गाडीने तिकडे वाट बघत उभं राहायचं. कारण विचारलं तर म्हणतात, "पुलावरचं वझं कमी करून राह्यलो."

आता उतरलेला माणूस त्याच पुलावरून चालला तर ओझं कमी कसं होतं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी पुन्हा त्या भानगडीत पडलो नाही. पलीकडे पोचले की मागे वळून पुलाला हात जोडतात. "बांधनाऱ्याले जयभीम!" नाल्यावरचा एवढासा बुटका रपटा असला तरी सूट नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या विहारातली मंडळी ट्रॅव्हलर करून बुद्धगयेला आणि तिथून सारनाथला निघाली. बनारसच्या तोंडाशी राजघाटचा पूल आला. इंग्रजांच्या काळातला, लोखंडी, वरून सडक आणि पोटातून रेल्वे. खाली गंगा, एवढी रुंद की आमची धाम नदी तिच्यापुढे नाली. गाडीतल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. काकांना समजवायचं काम नेहमी माझ्याच गळ्यात पडतं.

"काका, लय लांब पूल हाय. बसून राहा ना."

"म्हनूनच उतरतो. वझंबी तेवढंच मोठं हाय."

झालं! ते दोघे उतरले आणि सोबतीला मलाही उतरवलं.

पुलाच्या मध्यावर होतो आणि खालून रेल्वे आली. अख्खा पूल थरथरला. काकू कठडा धरून मटकन खाली बसल्या. चेहरा पांढराफटक, डोळे घट्ट मिटलेले. पुढे जाईनात, मागे येईनात. काका त्यांच्या बाजूला टेकले आणि बोंबललेच, "अवं शांते, मले भेव लागून राह्यलं वं! माहे पायच उचलत नाई. मले पलीकडे ने!"

काकूंनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"काय मानूस हाय हा! उठा. धरा माहा हात. खाली पाहू नोका."

आणि नवऱ्याला रागावत, ओढत काकूंनी गंगा पार केली. पलीकडे पोचल्यावर काका पुलाला हात जोडायलाही विसरले. सारनाथ येईपर्यंत काकू हाच किस्सा सांगत होत्या आणि गाडीभर लोक काकांना हसत होते. मीही पोट धरून हसलो.

परवा पवनारला गेलो होतो. धाम नदीच्या पुलावर एक स्कूटर सुसाट माझ्या बाजूने गेली, वरचा माणूस मोठ्यानं गात होता. काका! मला पाहून पूल संपल्यावर थांबले.

"तिले सांगू नोको, बापू."

"म्हंजे तुमाले भेव लागत नाई?"

"भेव तिले लागे. नवीन लग्न झालतं, तवा पुलगावच्या पुलावर यष्टीत डोये मिटून रडे. सारे हासत. मंग तिनं माहेरी जानंच बंद केलं. म्या म्हटलं, भेव मलेच लागते, तू मले धरून ने. मले नेता नेता माहेरी जाऊ लागली." स्कूटरच्या आरशावरची धूळ ते उगाच पुसत राहिले. "लोकायले हासाचंच हाय त मले हासू दे. तिले काऊन हासाव?"

सारनाथच्या वाटेवरचं माझं ते हसणं मला फार लागलं.

संध्याकाळी काकू कुंपणाशी आल्या. "बापू, पवनारले हे भेटले म्हन्ते. पुलावर उतरले होते का?"

"उतरले होते ना काकू. चालतच होते."

"मंग! लय भित्रा मानूस. मी होती म्हनून त्यायनं गंगा पार केली."

घरातून काकांचा आवाज आला, "खरं हाय वं!"