ऑर्विलची हक्काची जमीन

वायोमिंगमधल्या ड्राय फोर्क गावच्या ऑर्विल टीगला अखेर प्राँगहॉर्न हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाला. तिथल्या शिस्तीप्रमाणे दरवर्षी अर्ज करायचा, सोडतीत हरायचं आणि पुढच्या सोडतीत पारडं जड करणारा सांत्वनाचा एक गुण पदरात पाडून घ्यायचा. हे त्याने सतरा वर्षं निष्ठेने केलं. नाव निघताच साठलेले सगळे गुण शून्य झाले. ऑर्विल चौसष्ट वर्षांचा होता. पुढचा नंबर लागेपर्यंत एक्क्याऐंशी उजाडणार होतं, आणि हरणासाठी नाही म्हटलं तरी डोळे लागतात.

परवान्यावर शिकारीची जागा लिहिली होती : सार्वजनिक जमीन. म्हणजे जनतेची, म्हणजेच ऑर्विलची. नकाशा मात्र बुद्धिबळाच्या पटासारखा होता. एक घर जनतेचं, शेजारचं एका शेठजींचं, पुन्हा एक जनतेचं. त्या रखरखाटात हरणांचं पाण्याचं डबकं होतं जनतेच्या एका घरात, आणि रस्ता जात होता जनतेच्याच दुसऱ्या घरातून. ही दोन घरं एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकत होती.

ऑर्विल जमीन कार्यालयात गेला. ग्रेटाबाई स्टॉकडेल तिथे एकोणीस वर्षं हसतमुखाने बसत होत्या.

"जमीन तुमचीच आहे हो, अगदी शंभर टक्के," त्या म्हणाल्या.

"मग बाई, तिथं जायचं कुठून?"

"जाण्याचं आमच्याकडे नाही. आमच्याकडे फक्त असण्याचं आहे."

मग ऑर्विल स्वतःच त्या कोपऱ्यावर गेला. शेठजींचा कारभारी लोवेल तिथे खुर्ची टाकूनच बसला होता.

"मी या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यात उडी मारतो," ऑर्विल म्हणाला. "तुमच्या मातीला माझा बूट लागणार नाही."

लोवेलने फीत काढून त्याचे खांदे मोजले. "बूट नाही लागणार. पण डावा खांदा नऊ इंच आमच्या हवेतून जाईल."

"तिरका होऊन जातो."

"मग पोट जाईल."

घरी मेव्हिसने हे ऐकलं आणि नवऱ्याची सकाळची बिस्किटं, म्हणजे तिकडचे जाडजूड मऊ पाव, आणि त्यावरचा दाट रस्सा त्या दिवसापासून बंद केला. "सतरा वर्षं तुझं हरीण-हरीण ऐकतेय ऑर्विल, आता दोन इंच पोटावरून अडू नकोस!" आठवड्यात पोट खरोखर आत गेलं. खांदे हाडांचे असल्यामुळे जागच्या जागी राहिले, आणि तिरके केले तरी लोवेलच्या फितीत थोडे उरलेच. परवान्यात शिकारीला दिलेले दोन आठवडे संपत आले होते.

ही हरणं जितकी चपळ तितकीच चौकस असतात. पांढरं फडकं हलवलं की बघायला येतात. ऑर्विल कोपऱ्यावर बसून रुमाल हलवू लागला. एक देखणा नर आला. त्याने कुणालाही न विचारता तारेच्या कुंपणाखालून अंग सरकवलं आणि तो अर्धवट बाहेर येऊन थांबला. ऑर्विलने बंदूक उचलली.

"मागचे पाय आमच्याकडे आहेत!" लोवेल ओरडला.

"हरीण जनतेचं आहे!"

"हरीण जनतेचंच आहे. त्याच्या खालची जागा आमची आहे."

हा वाद हरणाने शेवटपर्यंत ऐकला आणि मग ते निघून गेलं.

शेवटच्या दिवशी उन्हाने डबकं आटलं. ऑर्विल तक्रार द्यायला कार्यालयात गेला, तर कार्यालयापुढच्या हिरवळीवर फवाऱ्याखाली अख्खा कळप पसरला होता. तोच नर 'सार्वजनिक जमीन, आपले स्वागत आहे' या पाटीला पाठ घासत होता. गावात गोळी झाडायला बंदी असल्यामुळे ऑर्विलची बंदूक गाडीतच राहिली.

ग्रेटाबाई फॉर्म घेऊन बाहेर आल्या. "हरीण दिसलं?"

"दिसलं."

"सार्वजनिक जमिनीवर?"

"हो."

"किती अंतरावर?"

"चार पावलांवर."

"बाई गं!" त्या हरखल्या. "म्हणजे यंदा योजना शंभर टक्के यशस्वी!"

ऑर्विलला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. तो बूट काढून हिरवळीवर बसला. चौसष्ट वर्षांत आपल्या जमिनीवर तो पहिल्यांदाच बसत होता. हरणाने त्याच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा दिली. ग्रेटाबाईंनी पुढच्या वर्षाचा अर्जही आणून दिला.

तुम्हीही हसला असाल, तर छान झालं. आता असेच हसत हसत तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन जरा वारा खाऊन या. गच्ची तुम्हा सगळ्यांच्या मालकीची आहे. किल्ली कुणाकडे असते, तेवढं मात्र आधी विचारून घ्या.