सुऱ्याची तारीफ

शकीलने आयुष्यात बनवलेली पहिली सुरी ओट्यावर ठेवली आणि बायकोला म्हणाला, "काप."

"काय कापू?"

"काहीही. कांदा काप."

एवढ्यात त्याचा फोन वाजला, म्हणून तो दाराकडे वळला. खतीजाने कांद्यावर सुरी टेकवली आणि दाबली. कांदा सटकला आणि शेगडीखाली जाऊन बसला. तिने तो ओढून काढला आणि पुन्हा जोर लावला. त्यानंतर कांद्याचं जे झालं त्याला चिरणं म्हणता आलं नसतं. तो चेंगरला होता.

"कशी आहे?" फोन संपवून शकीलने विचारलं.

खतीजाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शारजाची कंपनी बंद पडून तो पनवेलला परत आला, तेव्हापासून हा चेहरा उतरलेलाच होता. चुलतभावाच्या हार्डवेअरच्या दुकानात तो बसायचा, पण पाहुण्यासारखा. मग मोबाइलवर सुऱ्या बनवायचे व्हिडिओ बघायचं वेड लागलं. जासईहून ट्रकच्या कमानपाट्याचे जुने तुकडे आले, मागच्या पडवीत ठोकाठोक सुरू झाली, आणि एक दिवस चक्क त्याच्या तोंडून शिट्टी ऐकू आली. ती शिट्टी बंद पाडायची खतीजाची हिंमत झाली नाही.

"माशाल्ला!" ती म्हणाली. "हात लावला नाही तोवर दोन तुकडे!"

झालं. माणसाला तारीफ एकदा लागली की ती चहासारखी रोज लागते. शकीलने दुसरी सुरी बनवली ती आपट्याला राहणाऱ्या बहिणीसाठी, नाझियासाठी. सुरी पोचायच्या आत खतीजाने फोन केला.

"नाझिया, भाईची सुरी येतेय. कापली नाही तरी चांगली म्हण. खूप दिवसांनी हसतोय गं माणूस."

"भाभी, बेफिकीर राहा," नाझिया म्हणाली.

बेफिकीर राहायला सांगणाऱ्या माणसाची खरं तर आधी फिकीर करावी. नाझियाचा हात कशातच आखडता नव्हता, तारीफ करण्यात तर नाहीच. सुरी पोचली त्या संध्याकाळी तिचा फोन आला, तो शकीलने स्पीकरवर लावला. "भाई, काय सुरी आहे! सुरमई समोर ठेवली तर आपोआप तुकडे! आता ऐका, या बकरी ईदला आमची कुर्बानी तुमच्याच सुऱ्याने होणार. मोठा सुरा बनवा. मी सासऱ्यांना सांगून टाकलंय."

खतीजाच्या हातातला चहा तिथेच थंड झाला. कांदा चेंगरणं वेगळं आणि कुर्बानी वेगळी. सुऱ्याला धार अशी हवी की जनावराला त्रास म्हणून होता कामा नये. बोथट सुरा घेऊन जाणं म्हणजे थेट गुनाह, आणि तो कुणाच्या डोक्यावर? खोटी तारीफ करणाऱ्या बायकोच्याच ना!

"अहो, एवढा मोठा सुरा कशाला? बाजारात तयार मिळतात की," तिने सुचवून पाहिलं.

"मिळतात. पण अशी धार मिळते का? तूच सांग."

चांगला हातभर लांबीचा सुरा तयार झाला आणि पांढऱ्या कपड्यात गुंडाळून कपाटावर गेला. ईद तोंडावर आली. शेवटी एका दुपारी शकील नमाजला बाहेर पडताच खतीजाने तो सुरा कपड्यातून काढला, भाजीच्या पिशवीत घातला, वर शेवग्याच्या शेंगा ठेवल्या आणि मार्केटपाशी बसणाऱ्या धारवाल्या महादेवकडे निघाली. पिशवी पातळ प्लास्टिकची होती. सुरा आत हिंदकळत होता, रिक्षा खड्ड्यांतून आदळत होती, पण पिशवीला एक ओरखडासुद्धा आला नाही. खतीजाने रिक्षावाल्याला आणखी घाई करायला सांगितलं.

ईदच्या आधीचे दिवस, त्यामुळे महादेवकडे रांग होती. तिचा नंबर आला. त्याने सुरा हातात घेतला आणि कपाळावर आठ्या घातल्या.

"हा परत आला?"

"परत म्हणजे?"

"अवो, कालच एक दादा घेऊन आलते. बोलले, घरी कलू देऊ नका, बायको लय तारीफ करते. आमी धार लावली. पन लोखंड मऊ हाय, धार टिकत नाय. आनि तुमाला सांगतो, त्याच्या आदल्या दिवशी आपट्याची एक बाई असलीच सुरी घेऊन आलती. ती बोलली, भावाला कलू देऊ नका. तुमच्या घरात कुनाला काय कलू द्यायचा नाय, ते एकदा बसून ठरवा ना!"

रांगेतली माणसं हसली. खतीजा मात्र मागे बघत राहिली, कारण रांगेच्या शेवटी, हातात ती कांद्याची सुरी घेऊन, शकील उभा होता.

"तुम्ही नमाजला गेला होतात ना?"

"पढून आलो. आणि तू?"

"मी शेंगा घ्यायला."

"धारवाल्याकडे?"

खतीजाने महादेवच्या हातातला सुरा परत घेतला आणि हत्यार खाली ठेवलं, म्हणजे खरोखरच ठेवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. कांदा शेगडीखाली गेला तेव्हा फोन माझ्या कानाला होता, डोळ्यांना नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या मायेने खोटं बोललीस. तुझं मन कसं मोडायचं?" शकील रांग सोडून पुढे आला. "आता खरं सांग. कशी आहे?"

"खरं सांगू? बोथट आहे. मूठ हातातून निसटते. टोक एकीकडे, पातं एकीकडे. आणि एवढी जड, की टोमॅटोला नुसती दाखवली तरी तो पिचकतो!"

"अजून?"

"अजून काय? गंजतेसुद्धा!"

शिव्या खाऊन इतका खूश झालेला माणूस महादेवने पाहिला नव्हता. शकीलने तिथेच कबूल करून टाकलं. पातं कडक व्हायला ते लालबुंद तापवून तेलात बुडवायचं असतं. पण मोठी भट्टी पेटवली की धुराने खतीजाला खोकला येतो, म्हणून तो सगळं छोट्या शेगडीवर भागवत होता. पातं नीट तापतच नव्हतं.

"या अल्ला! एवढ्यासाठी?" खतीजा म्हणाली. "घरी चला. मी तोंडाला ओढणी बांधते."

दुसऱ्या दिवशी पडवीत भट्टी पेटली. तोंडाला ओढणी बांधून खतीजा केस वाळवायच्या मशीनने तिला वारा घालत होती. सुरा लाल झाला, तेलात गेला, असा काही फुसफुसला की शेजारची मांजर भिंतीवरून पलीकडे पडली. मग शकीलने व्हिडिओ थांबवत थांबवत बाकीचे सोपस्कार केले आणि दगडावर घासून घासून धार काढली. पुसायला म्हणून सुरा खतीजाच्या हातात दिला.

"स्स्! आई गं!"

"काय झालं?"

"बोट कापलं!"

"कापलं? खरंच? नुसत्या पुसण्याने?"

"नुसत्या पुसण्याने!" बोट नळाखाली धरून खतीजा ओरडली, आणि रागवायचं विसरून हसायलाच लागली. शकील हळदीचा डबा आणायला धावला आणि वाटेतच त्याने नाझियाला फोन लावला.

"नाझिया, भाभीचं बोट कापलं!"

"मुबारक हो, भाई!" पलीकडून नाझिया ओरडली. "मग ईदला तोच सुरा घेऊन या."