भिंतीवरचा डबा आणि दुसरा खंड

घराच्या सुरक्षेचा माझ्याइतका अभ्यास अख्ख्या पूर्णा गावात कुणी केला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो! छाती फारशी नाही, पण एवढं ठोकायला पुरते. दीड महिना मी वाचत होतो. कॅमेरे, भोंगे, दाराचे सेन्सर! शंभर पानी वही भरली. शेवटी आमची शांतम्मा म्हणाली, "अहो, घराला राखण पाहिजे की परीक्षेला बसायचंय?"

पण कारण गंभीर होतं. दिवाळीपासून माझ्या कपाटातली आठ पुस्तकं नाहीशी झाली होती. सात गेली तोवर मी गप्प बसलो. मी तसा गप्प बसणाराच माणूस. एसटीत माझा थांबा आला तरी कंडक्टरला हाक मारायला संकोचतो आणि पुढच्या गावाहून परत येतो. पण आठवं पुस्तक म्हणजे वडिलांच्या उर्दू-मराठी शब्दकोशाचा दुसरा खंड! वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. पानापानाच्या समासात त्यांच्या हातच्या टिपा. आता पहिला खंड कपाटात एकटाच कलंडला होता. देवळाबाहेरून एक चप्पल गेल्यावर उरलेली दुसरी दिसते, तसा!

शेजारचे योगीराज रोज चहाला येतात. रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांना मी एवढंच म्हणालो, "पुस्तकं चोरीला चाललीत हो." त्यांनी जागच्या जागी झेंडी दाखवली. "सर, घरात वावरतंय कोन? तुमी, अक्का आन ती बायनाबाई! अजून काय पायजे?"

"छे छे, तसं काही नाही," असं मला म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले आणि नेहमीप्रमाणे माघारी गेले. मान वर केली, तर दारात बायनाबाई झाडू घेऊन उभी! अकरा वर्षं ती आमच्याकडे धुणीभांडी करते. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सर, तुमी बी तसंच म्हनता का?"

मी चष्मा पुसायला लागलो. फार स्वच्छ पुसला.

"बरं," ती म्हणाली. "मग ते बघायचं यंत्र आनाच. चोर घावला तर घावला. न्हाई घावला, तर मी काम सोडते. चोर म्हनून घेऊन कुनाची भांडी घासायची न्हाई मला!"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन शिवप्रकाशच्या दुकानात गेलो.

"दोन प्रकार हायेत, सर," तो म्हणाला. "एकात कंपनीची मानसं तुमच्या घरावर लक्ष ठेवतात. काही दिसलं की तुमाला फोन करतात. दुसऱ्यात तुमचं तुमीच लक्ष ठेवायचं."

"कंपनीची माणसं फोनवर बोलतात?"

"चोवीस तास बोलतात, सर!"

"मग दुसरा दे." अनोळखी माणसाच्या फोनपेक्षा मला चोर परवडला.

शिवप्रकाशनं हॉलच्या भिंतीवर, अगदी छताजवळ, एक पांढरा डबा बसवला. त्याला डोळा होता, तोंडही होतं. फोनवरचं बटण दाबून बोललं की आवाज डब्यातून येतो. "चित्र तेवढं जरा उशिरा पोचतंय, सर," तो म्हणाला. मी ते वहीत लिहून घेतलं. मग तो म्हणाला, "आता घरच्यांचे चेहरे नोंदवू. नोंद नसलेला कुनी दिसला की फोन बोंबलतो." फोटो म्हटलं की मला घाम फुटतो. मी चहाचं सांगायला जे आत गेलो, ते तो जाईपर्यंत बाहेर आलोच नाही. शांतम्माचा चेहरा नोंदला. बायनाबाईनं तर पदर सारखा करून दोनदा नोंदवून घेतला.

तेव्हापासून तिनं मोरीत भांडी घासायचंच सोडलं! हॉलच्या मधोमध टोपलं मांडायची, बादली आणायची आणि डब्याच्या डोळ्यासमोर बसून कढया घासायची. जाताना पदर झटकायची, दोन्ही हात डब्याला दाखवायची आणि म्हणायची, "बघून घे रे बाबा!" हॉलभर फेसाचे ओहोळ. शांतम्मा मला म्हणाली, "यापेक्षा चोर बरा होता!"

मग मंगळवार उजाडला. दुपारची वेळ. शांतम्मा माझ्या एरवी मुक्या ठेवलेल्या फोनचा आवाज चालू करून मठात भजनाला गेली होती, बायनाबाई जेवायला घरी. मी हॉलमधून एक पुस्तक घेतलं आणि आतल्या खोलीत येऊन टेकलो. तोच फोन बोंबलला: "अनोळखी व्यक्ती आढळली!"

पाहतो तो काय! हॉलमध्ये एक पाठमोरा माणूस! वाकलेला, डोक्यावर हे एवढं टक्कल! सरपटत्या पावलांनी कपाटाशी गेला, एक पुस्तक काढलं आणि काखेत मारलं!

कोपऱ्यातली छत्री उचलून मी हॉलमध्ये डोकावलो. कुणी नाही! कपाटामागे पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. परत आत आलो, तर फोन पुन्हा बोंबलला. आता तो माणूस पडद्यामागे शोधाशोध करत होता, आणि त्याच्या हातात छत्री होती! म्हणजे चोर आता हत्यारबंद झाला होता! छत्री तर हुबेहूब माझ्या छत्रीसारखी!

मी दाराला आतून कडी घातली आणि योगीराजांना फोन केला. "चोर... हॉलमध्ये... छत्री..." एवढंच बोलता आलं.

योगीराज नोकरीतली शिटी फुंकतच आले. ती शिटी ऐकून अर्धी गल्ली गोळा झाली. मठातून शांतम्मा आली, जेवणावरून उठून बायनाबाई आली. सगळं घर धुंडाळलं. चोर नाही! मी कडी काढून बाहेर आलो आणि फोन पुढे केला.

योगीराजांनी चित्र निरखलं. "सराईत दिसायलाय. कपाट कुठं हाय ते बरोबर ठावं हाय त्याला. घरातल्यानंच मानूस धाडलाय, सर! मी म्हनलं नव्हतं?"

सगळ्यांच्या माना बायनाबाईकडे वळल्या. तिनं फोन घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

"ही बंडी," ती म्हणाली, "मी धुते. काखेतलं निळं ठिगळ बी मीच लावलंय. सर, हात वर करा."

मी हात वर केला. निळं ठिगळ!

माणसानं स्वतःचं टाळकं वरून कधी पाहिलेलं नसतं हो! एवढं टक्कल पडलंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मागचं बी लावा, अक्का," बायनाबाई म्हणाली. शांतम्मानं चार दिवसांपूर्वीचं लावलं. खुर्चीत योगीराज बसलेत, बोलतायत, बोलतायत. मी कपाटापाशी जातो, एक पुस्तक काढतो, त्यांच्या हातात कोंबतो, "घ्या, सावकाश वाचा," म्हणतो आणि दार उघडून धरतो!

पाहुण्याला कसं उठवायचं हे मला कधी जमलं नाही. पुस्तक दिलं की माणूस उठतो, एवढं ठाऊक. हात आपोआप देतो. डोकं तोवर अर्धवट राहिलेल्या पानावर परत गेलेलं असतं.

"अन ही पुस्तकं कुठायत?" शांतम्मानं विचारलं.

"माझ्या घरी," योगीराज म्हणाले. "नऊ हायेत."

"मग चोरीला कुठली गेली?"

"ती वेगळी असतील की, अक्का! ही तर सरांनी दिलेली!" असं म्हणता म्हणता त्यांचाही आवाज बारीक झाला. ते गुपचूप घरी गेले आणि पिशवी घेऊन आले. सगळ्यात खाली शब्दकोशाचा दुसरा खंड होता.

गल्ली हसत हसत पांगली. योगीराज बायनाबाईला "चुकलं बया माझं," म्हणून गेले. राहिलो मी. तिच्यासमोर उभं राहून बोलायचं म्हणजे... मी खंड छातीशी धरून आतल्या खोलीत गेलो आणि फोनवरचं बटण दाबलं. हॉलमधला डबा माझ्या आवाजात खरखरला, "बायनाबाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. माफ करा."

"डब्यातनं नगं!" बायनाबाई डब्याकडे बघून ओरडली. "भायेर येऊन म्हना!"

मी बाहेर आलो. तिच्यासमोर उभा राहिलो. "तुम्ही... म्हणजे मी... अकरा वर्षं..." पुढचं काही सुचेना. हातात जे होतं ते मी तिच्या हातात कोंबलं.

"सावकाश वाचा," मी म्हणालो.

बायनाबाईला वाचता येत नाही. पण तिनं तो खंड पदराला पुसला, डब्याच्या डोळ्यासमोर उंच धरला, "बघून घे रे बाबा, सरांनी दिलंय!" म्हणाली आणि ताठ मानेनं घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून भांडी पुन्हा मोरीत घासायला लागली.

परवा वाचताना एका शब्दावर अडलो. शब्द दुसऱ्या खंडातला. बायनाबाई हॉल पुसत होती. विचारायचं म्हणून मी तीनदा दारापर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो.

तीनदा फोन बोंबलला: "अनोळखी व्यक्ती आढळली!"