पिवळं प्लॅटिनम

आखाडा बाळापूरच्या प्रज्ञेशनं साखरपुड्याला सोनं सोडून प्लॅटिनमच्या अंगठ्या घ्यायचं ठरवलं, अन् त्या दिवसापासून टपरीवरचा चहासुद्धा तो करंगळी वर करून पिऊ लागला. (अंगठ्या अजून घ्यायच्या होत्या.)

नांदेडच्या दुकानात त्यानं अर्धा दिवस काढला. होणारी बायको, हट्ट्याची आकांक्षा, व्हिडिओ कॉलवर होती. ती नर्स.

"साधी घ्या. खडा नको, हातमोजा फाटतो," एवढं बोलून ती ड्यूटीला गेली. उरलेला सगळा वेळ प्रज्ञेशनं दुकानदाराला प्लॅटिनमची माहिती दिली.

घरी आल्यावर पारुआत्याचा नंबर लागला.

"आत्या, ह्याला प्लॅटिनम म्हणतेत. जन्मात रंग बदलत न्हाई. धुवायला कोमट पाणी, साबणाचा फेस अन् लेकराचा मऊ ब्रश. चिंच न्हाई, राख न्हाई!"

आत्यानं सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली, अन् स्वयंपाकघरात जाऊन भावजयीला म्हणाली, "वहिनी, पोराला दुकानदारानं चांदी दिली."

"आता वो?" प्रज्ञेशच्या आईनं, पद्माबाईंनी, डोक्याला हात लावला.

"चांदीची जोडवी पायात घालतेत. नवरीच्या हातात चांदी पाहून हट्ट्याचे लोक काय म्हणतील? तुमी गप राहा. पोरगं खुशीत हाय."

दुसऱ्या दिवशी आत्या नवरीची अंगठी घेऊन गावातल्या सोनाराकडं गेली. सोनार म्हणाला, "आत्या, हे तर..." आत्या म्हणाली, "तू सोन्याचं पाणी चढव." आत्यापुढं बाळापुरात कोणी वाक्य पूर्ण करत नाही. त्यानंही केलं नाही.

साखरपुडा हट्ट्याला. वंदना झाली, पेढे फिरले, अन् नवरदेवानं माईक मागितला. (असं कोणी मागत नाही.)

"जय भीम मंडळी! सोनं तर सगळेच घालतेत. मी आकांक्षासाठी असा धातू आणला, ज्याचा रंग जन्मभर बदलणार न्हाई!"

त्यानं डबी उघडली. अंगठी पिवळीधमक.

प्रज्ञेशनं डबी बंद केली. परत उघडली. पिवळीच.

सासरे भीमराज पुढं वाकून बघू लागले. हे लोक आता आपल्याला थापाड्या म्हणणार, सोयरीक इथंच मोडणार, असं प्रज्ञेशला वाटलं.

तेवढ्यात भीमराजांनी त्याला कडकडून मिठी मारली. "वा जावईबापू! आमाला कोणीतरी सांगितलं होतं, पोरगं स्टीलची अंगठी आणून राहिलं म्हणून. हे तर अस्सल सोनं!"

"मामा, सोनं न्हाई, प्लॅटिनम..."

"मोठेपणा बी किती! सोनं देऊन न्हाई म्हणतंय!"

टाळ्या पडल्या. मागं पारुआत्या पदरानं डोळे पुसत होती. आकांक्षानं अंगठी घालून घेतली अन् हळूच विचारलं, "तुमाला रंग दिसतात ना बराबर?"

घरी गेल्यावर आत्यानं अभिमानानं सगळं सांगितलं. प्रज्ञेशनं पिवळं तसंच राहू दिलं. सासरवाडीत इज्जत वाढली होती, ती प्लॅटिनमपेक्षा जपायला सोपी वाटली.

पण नर्सचा हात. दिवसभर साबण, दिवसभर सॅनिटायझर. पंधरवड्यात पिवळं उडालं अन् आतलं पांढरं डोकावू लागलं. आकांक्षानं घरी सांगून पाहिलं की हेच खरं प्लॅटिनम हाय. तिची आई म्हणाली, "आतापासूनच नवऱ्याची बाजू!"

मग भीमराजांचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"जावईबापू, लाजू नका. सोनं महाग हाय, आमाला काय कळत न्हाई का? मी गुपचूप पाणी चढवून आणलं. गावात कोणाला पत्ता न्हाई."

"मामा, खरंच सांगतो, ते सोन्यापेक्षा..."

"ठाव हाय, मनापासून दिलंय तुमी. ते सोन्यापेक्षा मोठंच. एक काम करा. तुमची बी धाडून द्या. सोनार म्हणतो, जोडी असली की बरं पडतं."

अन् जिल्ह्यातला पहिला प्लॅटिनमवाला प्रज्ञेश, बोटातली अंगठी साबण लावून काढता काढता म्हणाला, "धाडतो मामा. पण जरा गडद चढवा म्हणावं."