अब्बांच्या हमामची किंमत

माणूस पारखण्यात माझा हात तोकमोक गावात कुणी धरणार नाही, असं मी समजत होतो. म्हणून अब्बा गेल्यावर त्यांच्या हमामचं, म्हणजे गावच्या वाफेच्या न्हाणीघराचं, मोल करायला माणूस निवडायचं काम मीच अंगावर घेतलं. ठरलं होतं ते असं : किंमत निघाली की मी किंवा धाकटी बहीण जिबेक, दोघांपैकी जो आधी मागेल त्याने दुसऱ्याचा अर्धा हिस्सा त्याच भावात घ्यायचा. जिबेक शाळामास्तरीण. तिच्याकडे पैसा कुठला? किंमत जितकी कमी, तितका माझा फायदा!

शहरातल्या तीन जाणकारांची नावं तिने काढली होती. मी त्यांना सोडून कादिरकुलला आणला. त्याच्या कचेरीच्या भिंतीवर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र होतं आणि फी निम्मी होती.

"चालत्या धंद्याचं मोल केलंय का त्यानं कधी?" जिबेकने विचारलं.

"शिक्का बघ की!" मी म्हणालो.

कादिरकुल आला. बॉयलरला लाथ मारून त्याने आवाज ऐकला, बाकांचा रंग नखाने खरवडला आणि हे सगळं किती वापरलंय ते विचारलं. गुरुवारी दारापर्यंत रांग लागते, अर्धं गाव इथंच सोयरिकी जुळवतं, याबद्दल एक अक्षर नाही. नंतर कळलं, त्याचं प्रमाणपत्र अपघातात चेपलेल्या गाड्यांचं होतं. त्याने हमामलाही भंगारात काढलं.

आकडा बघून मी मनातून नाचलो. जिबेक मात्र कागद हातात धरून रडायला लागली. अब्बांचं अख्खं आयुष्य त्या वाफेत गेलं, त्याचे एवढेच? मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिने डोळे पुसले.

"दादा, नवऱ्याच्या दोन घोड्या विकल्या की एवढे येतात. तुझा हिस्सा मी घेते."

मी ताडकन उठलो. हा माणूस मोटारींचा आहे, त्याला धंद्यातलं काय कळतं, हे मी तिला घसा सुकेपर्यंत पटवलं.

"पटलं," ती म्हणाली. "पण निवडला कुणी?"

सह्या झाल्या. पुढच्या गुरुवारी मी टॉवेल खांद्यावर टाकून गेलो. गल्ल्यावर अब्बांच्या जागी जिबेक बसली होती. मी सवयीने तसाच आत निघालो, तर तिने हाक मारली.

"तिकीट काढ, दादा. साबण माझ्याकडून."

मी तिकीट काढलं. साबण चांगला होता.