वायू राखणारा धुळाजी

१९९४ च्या जानेवारीची चौथी तारीख, मंगळवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. स्वयंपाकाचा गॅस भरण्याच्या आमच्या कारखान्यात, मोठ्या टाकीखाली, एक इसम घोंगडी पांघरून पालथा पडलेला मला आढळला. त्याचा कान नळाच्या सांध्याला टेकला होता.

"धुळाजी, झोपला आहेस काय?"

"बोलू नका साहेब. ती बोलायली."

'ती' म्हणजे गळती. मी त्या कारखान्याचा व्यवस्थापक होतो आणि मला गप्प बसवणारा हा एकच फिटर माझ्या हाताखाली होता. दोन मिनिटांनी तो उठला, तांब्यातले रिठ्याचे पाणी बोकडाच्या केसांच्या कुंचल्याने त्या सांध्यावर लावले आणि वाट पाहू लागला. मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला. धुळाजीचा चेहरा उजळला. त्याने कमरेच्या पिशवीतून काळ्या लोकरीचा झुपका काढला आणि सांध्याला बांधला. दुरुस्ती होईपर्यंत तो झुपका तिथेच राही.

धुळाजी गोरे फुलंब्रीकडच्या मेंढपाळ घरातला. कंपनीने गळती शोधण्यासाठी साबण पुरवला होता. तो त्याने नाकारला. कारण विचारले, तेव्हा म्हणाला, "त्याचा फेस सायबावानी हाय. आला की गेला. रिठ्याचा फेस बसून ऱ्हातो." मुख्य कार्यालयातून तपासणीस आलेल्या एका अधिकाऱ्याने नळांवरचे काळे झुपके पाहून विचारले की, हे दृष्ट लागू नये म्हणून आहे काय. धुळाजीने त्याला गंभीरपणे 'व्हय' म्हणून सांगितले. अधिकाऱ्याने तशी नोंद केली.

आमच्या तक्त्यात 'घट' असा एक रकाना होता. आलेला गॅस आणि भरलेला गॅस यांतला फरक त्यात लिहीत. धुळाजीला हा शब्द सहन होत नसे. "घट कशाची? दुधावानी आटलं का ते? आपन सोडलं म्हनून गेलं." कोणतीही वस्तू हरवली की त्याचा प्रश्न ठरलेला: "कुठून निघालं?" आमच्या लेखनिकाचे जमलेले लग्न मोडले, तेव्हाही सांत्वनाला गेलेल्या धुळाजीने हाच प्रश्न विचारला.

एकदा तो माझ्या घरी सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला आला. देवाला हात जोडण्याआधी तो थेट स्वयंपाकघरात शिरला आणि सिलिंडरला कुंचला फिरवू लागला. माझी पत्नी संतापली. तेवढ्यात रबरी नळीच्या टोकाशी फेस आला. त्या दिवशी प्रसादाचा पहिला द्रोण भटजींच्या आधी धुळाजीला मिळाला.

गफूरभाई हा आमचा कॉम्प्रेसर चालवणारा. त्याची आणि धुळाजीची रोज जुंपे.

"अरे धुळाजी, गॅस के गले में घंटी बांध दे. भागी तो सुनाई देगी."

"बांधली असती गफूरभाई. गळा दाव की तिचा."

त्याच सुमारास मुख्य कार्यालयाने एक पत्रक पाठवले. त्यावर पृथ्वीचे चित्र होते. तेल आणि वायूच्या कंपन्या जे हवेत सोडतात किंवा उगाच जाळतात, त्याने पृथ्वीभोवतीचे पांघरूण जाड होते आणि ती तापते, असा त्याचा आशय. तेलविहिरीतून निघणारा वायू यात फार घातक. आमचा त्या मानाने सौम्य. मी ते कामगारांना वाचून दाखवले. सर्व जण जांभया देत होते. धुळाजीने मात्र पुन्हा वाचायला लावले.

"म्हंजे घोंगडीवर घोंगडी."

"तसेच म्हण."

"एकीनं थंडी जाती. दुसरीनं जीव गुदमरतो. मग दुसरी इणायचं बंद करा की. त्यात चित्र काय काढायलेत?"

आज या विषयावर परिषदा भरतात. गळती शोधा, तिच्यावर खूण करा, दुरुस्त करा, उरलेला वायू परत ओढून घ्या, असे तेथे सांगतात. मी वर्तमानपत्रात ते वाचतो तेव्हा मला काळ्या लोकरीचे झुपके दिसतात.

परत ओढून घेण्याचीच गोष्ट सांगायची आहे. बिघडलेल्या झडपेचा सिलिंडर कारखान्यात परत आला की त्यात उरलेला गॅस आम्ही कुंपणालगतच्या एका नळातून हवेत सोडून देत असू. धुळाजीचे म्हणणे असे की, एक नळ जोडला तर कॉम्प्रेसरने तो गॅस मोठ्या टाकीत परत घेता येईल. दोन वर्षे तो हे मागत होता आणि दोन वर्षे मी नकार देत होतो. जोडणीसाठी भरणे दिवसभर थांबवावे लागले असते. फाटकाबाहेर तर पहाटेपासून ट्रक उभे असत.

त्या मंगळवारी ट्रक येणार नव्हते. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय तोंडावर आला होता. चौकाचौकांत पोलीस होते, अर्धे कामगार घरीच राहिले होते.

"साहेब, आज नाय झालं तर कवाच नाय," धुळाजी म्हणाला.

मी त्याला संध्याकाळी पाचपर्यंत मुदत दिली. जमले नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, असेही बजावले.

आमचा नळ जोडणारा कारागीर सोनवणे शहरात राहत होता. नामांतरासाठी तो दोनदा तुरुंगात जाऊन आला होता; त्या दिवशी तो येण्याची शक्यता नव्हती. धुळाजी सायकल काढून निघाला. साडेनऊला परतला तेव्हा सोनवणे मागच्या कॅरियरवर बसला होता, मांडीवर पान्यांची पेटी. औरंगपुऱ्यात पोलिसांनी त्यांना अडवले होते. कुठे चाललात, या प्रश्नाला धुळाजीने खरे उत्तर दिले: "गॅस सुटायलाय, त्याला धराया." त्यावर शिपायाने शिट्टी वाजवून रस्ता मोकळा केला आणि स्वतःही बराच दूर जाऊन उभा राहिला.

फाटकावरचा पहारेकरी धुळाजीच्या गावचा. तो म्हणाला, "काय रं धुळ्या, डबलसीट? गावात कळलं तर काय म्हनतील? तू कुनाच्या बाजूनं?"

"मेंढराला नाव दिलं तर ते हाकेला येतं. शाळेला नाव दिलं तर आपलं काय जातंय?"

"विद्यापीठ आहे ते, धुळाबा," सोनवणे हसत म्हणाला.

"मोठी शाळा. उतर आता, वझं लई झालं."

दिवसभर तिघे राबले. दुपारी तीनला गफूरभाईने कॉम्प्रेसर सुरू केला. धुळाजीने कुंचला फिरवला आणि नव्या सांध्यावर भरभरून फेस आला. सोनवणेचा चेहरा उतरला. धुळाजीने पाना त्याच्या हातात दिला. सांधा उघडला, चकती बदलली, पुन्हा आवळला. घड्याळात पावणेपाच झाले. पुन्हा कुंचला. आम्ही चौघे ओल्या लोखंडाकडे पाहत उभे राहिलो. पाणी वाळले. बुडबुडा आला नाही.

बिघडलेल्या झडपेचा पहिला सिलिंडर नव्या नळाने उपसून वजनकाट्यावर ठेवला. तो पूर्ण रिकामा झाला होता आणि बाहेर काही सुटले नव्हते. "सुभानल्ला," गफूरभाई म्हणाला. धुळाजी मात्र टाकीच्या सावलीत जाऊन बसला.

मी त्याच्याजवळ गेलो. वाऱ्यावर जाणाऱ्या गोष्टीचा एवढा ध्यास त्याला का, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी विचारले.

त्याने टाकीकडे बोट केले. "ही टाकी हाय ना साहेब, हितं आमचा तळ पडायचा. बापाच्या काळापासनं. मंग कारखाने आले, चराई गेली. शेवटची मेंढरं लासूर स्टेशनला इकली. रोज सांजच्याला मोजायचो. एक कमी भरलं तर रातभर हुडकायचो. त्या दिशी यापारी म्हनला, मोजून दे. मी म्हनलं, तूच मोज. अन् पाठ करून बसलो."

"मग?"

"किती गेली, मला अजून ठावं नाय."

मी सोनवणेकडून पाना मागून घेतला, कुंपणालगतच्या त्या जुन्या नळाच्या तोंडावर लोखंडी झाकण बसवले आणि चारही बोल्ट स्वतः आवळले.